हात मागं!

"हात मागं!"

ही हाक मी पहिल्यांदा कधी ऐकली, ते सांगता यायचं नाही. ती ऐकू येत नव्हती असा काळच मला आठवत नाही. आबांचा आवाज फार भरदार नव्हता, पण उंच होता. 'हात'वर तो जरा टेकायचा, 'मागं'वर लांबत जायचा, आणि हवेत विरतोय न विरतोय तोच खालून धप्प असा आवाज यायचा. पातं उतरलेलं असायचं.

माझे वडील, एकनाथ भिसे, टेकडीवरच्या आमच्या विद्यापीठाच्या छापखान्यात कटिंग मशीनवर होते. बावीस वर्षं. प्रश्नपत्रिका, पदव्या, अहवाल, जे काही छापून व्हायचं त्याची चळत त्यांच्यापुढे यायची आणि कडा सरळ होऊन पुढे जायची. मशीन जुनं होतं. चाक फिरवून चळत दाबायची आणि दांडा ओढायचा. दांडा ओढला, की मग पातं कुणाच्या बापाचं ऐकत नसे. म्हणून आधी हाक. खोलीत दहा माणसं असोत की एकही नसो.

लहानपणी डबा घेऊन गेले होते तेव्हा मी विचारलं होतं, "आबा, इथं तर कुणीच नाही. हाक कुणाला देता?"

"माझं हात हायत की," ते म्हणाले. "त्यास्नी नको सांगाय?"

आई घरी फर्मे मोडायची, म्हणजे छापून आलेल्या मोठमोठ्या कागदांच्या पुस्तकासाठी घड्या घालायची. घडी घालताना तिच्या तोंडी ओवी असे. जात्यावरची चाल, पण शब्द छापखान्यातले, तिचे तिनंच जोडलेले:

हाक देतो घरधनी, वर पात्याला गं धार
दहा बोटं दहा भाऊ, तोलती माझा संसार

घरात ती तव्यावरून भाकरी उतरवतानासुद्धा "हात मागं" म्हणायची आणि आम्ही भावंडं ताटावरून हात मागे घ्यायचो. रक्तात भिनलेली गोष्ट होती ती.

आणि अशा माणसाबद्दल विद्यापीठानं टंकलिखित कागदावर लिहिलं होतं: 'सदर कर्मचाऱ्याने धोक्याची पूर्वसूचना न देता यंत्र चालविले.'

मी तेव्हा त्याच विद्यापीठात पत्रकारितेच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. या गोष्टीला आता सव्वीस वर्षं होतील. तरी ते वाक्य डोळ्यांपुढे आलं, की अजून माझे दात एकमेकांवर बसतात.

अपघात झाला तो गुरुवार. विद्यापीठाचा सुवर्णमहोत्सव सुरू होत होता आणि आमच्या विभागाच्या 'टेकडी' या प्रायोगिक अंकाचं प्रकाशन अकरा वाजता पाहुण्यांच्या हातून व्हायचं होतं. आम्ही विद्यार्थीच बातम्या लिहायचो, पानं लावायचो, प्रुफं वाचायचो. विभागप्रमुख टिळेकर सरांनी ऐन वेळी पहिलं पान बदललं, त्यामुळे अंक यंत्रावरून उतरायलाच दहा वाजून गेले. कडा कापायच्या राहिल्या होत्या. सरांनी गहिनीनाथला छापखान्यात पिटाळलं, "पन्नास प्रती तरी घेऊन ये. भिसेला म्हणावं, हात चालव."

हात चालव, हेच शब्द. मी तिथंच उभी होते, सरांच्या टेबलाशी, पाहुण्यांची नावं कार्डांवर लिहीत. 'भिसे' म्हणजे माझे वडील हे त्यांना माहीत होतं आणि माझ्यादेखत आबांना एकेरी म्हणताना त्यांची जीभ जराही अडखळली नव्हती.

साडेदहाला आबांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

प्रकाशन अकराला झालं. अंकांच्या कडा तशाच ओबडधोबड होत्या. पाहुण्यांना तेच आवडलं म्हणे. हाती केलेल्या वस्तूसारखं वाटतं, म्हणाले.

तीन जणांची समिती बसली. त्यात टिळेकर सर होते. आठवड्यात अहवाल तयार झाला आणि त्याची एक प्रत लिफाफ्यातून आमच्या घरी आली. आबा ओट्यावर बसले होते, पांढऱ्या पट्टीतला हात मांडीवर ठेवून, कुणी सांभाळायला दिलेलं मूल ठेवावं तसा.

"वाच," ते म्हणाले.

मी प्रूफ वाचतात तसा वाचला, विरामचिन्हांसकट. "उपस्थित विद्यार्थ्याच्या जबाबानुसार, स्वल्पविराम, सदर कर्मचाऱ्याने धोक्याची पूर्वसूचना न देता यंत्र चालविले, पूर्णविराम. सबब त्यांस मुद्रणालयातून हलवून उद्यान विभागात वर्ग करण्याची शिफारस, पूर्णविराम. अहवाल येत्या सोमवारी मंजुरीसाठी…"

आबा हसले. "बागंत टाकत्यात व्हय. बरं झालं. झाडास्नी हाक द्यावी लागत न्हाई."

"आबा, तुम्ही हाक दिली होती ना?"

"दिली आसंल."

"असंल म्हणजे?"

"आगं, बावीस वर्सं देतोय. त्या दिशीच कशी लक्षात ऱ्हायल?"

"खोटं बोलताय तुम्ही." असं मी वडिलांना आयुष्यात कधी म्हणाले नव्हते. "श्वास घेतला का म्हणून विचारलं तर 'घेतला असंल' म्हणाल का? समितीपुढं काय सांगितलंत?"

"कायबी न्हाई. म्हनलं, तुमी लिवाल ते बराबर."

"का?"

आई आतून म्हणाली, "मीबी तेच इचारतीया आठ दिस. मुक्यानं बसल्यात. पातं बोटावर पडलं का जिभंवर, देव जाणे."

आबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कालिंदे," ते मला म्हणाले, "लिवल्यालं लिवू दे. तुझं शिक्षान होऊ दे गुमान. त्या पोरांचंबी."

कुठल्या पोरांचं, हे मी विचारलं नाही. मला राग इतका आला होता, की त्यांचे शब्द कानांवर आपटून खाली पडत होते. मला वाटलं, भितात. ज्या साहेबांच्या दारात बावीस वर्षं चपला काढून उभे राहिले, त्यांना भितात. मोडलेल्या हाताच्या माणसाचा राग येणं फार वाईट असतं. तो बाहेर काढता येत नाही, आतल्या आत फिरत राहतो, बरणीत अडकलेल्या गांधीलमाशीसारखा.

उपस्थित विद्यार्थी कोण, हे काही गुपित नव्हतं. छापखान्यात त्या वेळी एकच विद्यार्थी होता.

गहिनीनाथ तांदळे बीडकडचा. वर्गातला सगळ्यात चांगला आवाज त्याचा. आम्ही दोघं प्रूफाचे जोडीदार होतो: मी मोठ्यानं वाचायचं, त्यानं कागदावर बघायचं. त्याच्या नजरेतून एक अनुस्वार सुटत नसे. वाईट खोड एवढीच, की पानाचा दुमडलेला कोपरा दिसला की त्याला चैन पडत नसे. वाचनालयातली पुस्तकं, कँटीनमधला मेनूचा कागद, भिंतीवरची नोटीस, दिसेल तो कोपरा त्याचा हात आपसूक जाऊन सरळ करायचा. सरांच्या टेबलावरचे कागदसुद्धा. आम्ही त्याला 'इस्त्रीवाला' म्हणायचो. आबांना तो फार आवडायचा. घरी आला की आईच्या ओवीला ताटावर ठेका धरायचा आणि आबा मान डोलवायचे.

शुक्रवारी मी त्याला विभागाच्या जिन्यात गाठलं.

"जबाबावर सही तुझी आहे?"

तो थांबला. उजवा हात खिशात होता. मनगटाला क्रेप बँडेज दिसत होतं. व्हॉलीबॉल खेळताना मुरगळलं, असं त्यानं वर्गात सांगितलं होतं.

"कालिंदी, मशीनचा आवाज होता…"

"मशीनचा आवाज? गहिनी, ती हाक वाचनालयात ऐकू येते! ग्रंथपालबाई सकाळच्या पहिल्या हाकेवर घड्याळ लावतात. आणि तू चार फुटांवर होतास."

"मला… त्या वेळी लक्षात नाही आलं."

"मग 'लक्षात नाही' असं लिहायचं. 'हाक दिली नाही' असं कसं लिहिलंस?"

"सरांनी लिहून आणलं होतं."

"आणि तू वाचलं नाहीस? तू?" मी एक पायरी वर चढले. "उकारासाठी अर्धा अर्धा तास भांडणारा तू, न वाचता सही केलीस?"

"वाचलं होतं," तो अगदी हळू म्हणाला.

हे उत्तर मला अपेक्षित नव्हतं. माझ्या हातात वह्या होत्या, त्या मी त्याच्या छातीवर आपटल्या. त्या जिन्यावरून घसरत गेल्या. तो खाली वाकला, डाव्या हातानं एकेक गोळा करू लागला, आणि एका वहीचा दुमडलेला कोपरा दिसताच थांबला. हात पुढं नेला, मागं घेतला. कोपरा तसाच ठेवून वह्या माझ्याकडे दिल्या.

"आमच्या घरी भाकरी खाल्लीस तू," मी म्हणाले.

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि खाली उतरून गेला.

मला ते निर्लज्जपणाचं उत्तर वाटलं. त्या रागात मी बरंच काही चुकीचं वाचलं. एकही विरामचिन्ह न बघता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आमची अभिरूप पत्रकार परिषद होती. ही आमच्या विभागाची जुनी रीत. एक विद्यार्थी अधिकारी होऊन मंचावर बसायचा, बाकीच्यांनी वार्ताहर होऊन प्रश्न विचारायचे आणि मग तासाभरात बातमी लिहून द्यायची. चांगली बातमी 'टेकडी'त छापली जायची. गुण दोन्हीकडच्यांना. नियम टिळेकर सरांनीच घालून दिलेले, फळ्यावर वर्षानुवर्षं लिहिलेले: उभं राहून आधी वृत्तपत्राचं नाव सांगायचं. प्रश्न एका वाक्यात. अधिकाऱ्याला टाळता येईल, पण एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला तर उत्तर द्यावंच लागेल. आणि शेवटचा, ठळक अक्षरांत: मंचावर बोललेलं परत घेता येत नाही, ते छापलं जातं.

सरांनी कुलसचिवाच्या भूमिकेसाठी गहिनीनाथला निवडलं होतं. विषय: सुवर्णमहोत्सवी उपक्रम. बाहेरच्या परीक्षक म्हणून शहरातल्या दैनिकाच्या वृत्तसंपादक हंसा पाटणकर आल्या होत्या. पिकलेले केस, जाड भिंगांचा चष्मा, हातात लाल पेन. त्या सगळा वेळ काहीतरी टिपत होत्या आणि काय टिपताहेत याचा पत्ता लागू देत नव्हत्या.

गहिनीनाथनं कुणाचा तरी कोट घातला होता, खांद्यांवर ढगळ. टेबलामागं बसून त्यानं सुरुवात केली आणि वर्ग खूश झाला. हुबेहूब कुलसचिव. तेच खाकरणं, तेच "या ठिकाणी मी नमूद करू इच्छितो".

"दैनिक कडीपत्ता," मागच्या बाकावरून एकानं सुरुवात केली, "वसतिगृहाच्या आमटीत डाळ सापडल्याची अफवा आहे, त्यावर आपलं म्हणणं काय?"

"त्या ठिकाणी आम्ही समिती नेमलेली आहे. डाळ आढळल्यास दोषींवर कारवाई होईल."

सगळे हसले. पाटणकर बाईसुद्धा. टिळेकर सर खुर्चीत मागे रेलले, पोटावर बोटं गुंफून, आपल्या बागेतलं फूल दाखवणाऱ्या माणसासारखे. दहा बोटं. मी मोजली.

मी उठले.

"सायंदैनिक हाक," मी म्हणाले. "गेल्या आठवड्यात गुरुवारी विद्यापीठाच्या छापखान्यात अपघात झाला, तेव्हा कर्मचाऱ्यानं हाक दिली होती की नव्हती?"

गहिनीनाथनं पाण्याचा पेला उचलला. डाव्या हातानं. "अहवाल सक्षम प्राधिकरणासमोर आहे. या ठिकाणी त्यावर भाष्य करणं उचित होणार नाही."

"वा!" टिळेकर सर म्हणाले. "बघा, असं उत्तर द्यायचं असतं. कालिंदी, पुढचा प्रश्न दुसऱ्याला घेऊ दे. विषय महोत्सवाचा आहे."

"अपघात महोत्सवाच्या अंकामुळेच झाला, सर."

"खाली बस."

"सर," पाटणकर बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "प्रश्न एका वाक्यात होता. वृत्तपत्राचं नावही सांगितलं होतं. नियमात बसतो."

सरांच्या पोटावरची बोटं सुटली. माझा आवाज कापत होता आणि त्याचाही मला राग येत होता. आवाज कापला की ऐकणाऱ्याला वाटतं, रडायला आली. मी रडायला आले नव्हते. आईच्या जात्याचा खुंटा उपटून त्या टेबलावर घालावा असं मला वाटत होतं.

"सायंदैनिक हाक. दुसऱ्यांदा विचारते. कर्मचाऱ्यानं हाक दिली होती की नव्हती?"

"एका प्रत्यक्षदर्शी विद्यार्थ्याच्या जबाबानुसार…" गहिनीनाथनं सुरुवात केली आणि तो अडला. कुलसचिवाचा आवाज मधेच गळून पडला आणि खालून बीडचा पोरगा दिसला. त्यानं पुन्हा खाकरून बघितलं. "…जबाबानुसार, तशी पूर्वसूचना… समितीच्या निष्कर्षांचा आपण आदर करावा, अशी माझी विनंती आहे."

"पुरे झालं," टिळेकर सर उठून उभे राहिले. "ही वैयक्तिक भांडणाची जागा नाही. कालिंदी, तुझ्या घरच्या परिस्थितीबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, पण पत्रकारानं भावना बाजूला ठेवायच्या असतात. पहिल्या वर्षीच शिकवलंय तुला."

"पहिल्या वर्षी तुम्ही सहा प्रश्न शिकवले, सर," मी त्यांच्याकडे वळले. "कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. तुमच्या अहवालात 'का' नाही. घाई कुणी केली ते नाही. पात्यापुढं हात जाऊ नये म्हणून मशीनवर असते ती जाळी कुणी काढून ठेवली ते नाही. 'हात चालव' म्हणून निरोप कुणी धाडला ते नाही. 'का' आणि 'कोण' खाल्लेली बातमी मी लिहून आणली असती, तर तुम्ही मला किती गुण दिले असते?"

पाटणकर बाईंनी वहीचं पान उलटलं.

"बाहेर जा," सर म्हणाले. एवढंच. फार शांतपणे. ते शांत झाले, की त्यांचं काहीतरी आधीच ठरलेलं असायचं.

मी वही उचलली. खरं तर मला वाटलं, संपलं. सोमवारी कागदावर शिक्का पडेल. आबा खुरपं घेऊन अशोकाच्या झाडांखाली बसतील. बावीस वर्षं ज्यानं एकालाही ओरखडा येऊ दिला नाही, तो माणूस 'बिनहाकेचा भिसे' म्हणून फाइलीत राहील. फाइलीत राहिलेलं नाव मेल्यावरही तसंच राहतं. आईच्या ओव्या तिच्याबरोबर जातील, ती फाईल मात्र राहील. मला नोकरी नको होती, पदवी नको होती, फक्त ते एक वाक्य खोडून हवं होतं.

दारापाशी जाऊन मी मागे वळले.

"तिसऱ्यांदा विचारते," मी म्हणाले. आता वृत्तपत्राचं नावही सांगितलं नाही. "गहिनी. आबांनी हाक दिली होती का?"

"कार्यक्रम संपला आहे," टिळेकर सर म्हणाले. "तांदळे, खाली ये."

गहिनीनाथ उठला. मला वाटलं, खाली उतरतोय. पण तो टेबलामागंच उभा राहिला. त्यानं कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग उजव्या मनगटावरचं बँडेज सोडायला लागला. डाव्या हातानं, दातांनी. वेढ्यावर वेढा. पट्टी टेबलावर पडली. मनगट सुजलेलं होतं, काळं-निळं, आणि त्या सुजेवर आडवा पट्टा उमटलेला होता, कुणीतरी हाताच्या कडेनं जोरात मारावं तसा.

"तांदळे," सर म्हणाले, "विचार करून बोल. तू परवानगीशिवाय यंत्राजवळ गेला होतास, हे तुला चांगलं माहीत आहे. जबाबाच्या वेळीच आपलं बोलणं झालंय."

"झालंय, सर," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात, खरं सांगितलं तर नाव कमी होईल. पण तुमच्या अगोदर दुसऱ्या एका माणसाशी माझं बोलणं झालं होतं. दवाखान्यात नेताना, रिक्षात. त्यांच्या हाताला माझा टॉवेल बांधला होता. ते म्हणाले, पोरा, तू यातलं काही बोलायचं नाहीस. तुझ्या घरात शाळेत गेलेला तू पहिला. माझं काय, निम्मं आयुष्य कापून झालंय. मला त्यांनी शपथ घातली. तुझी शपथ घातली, कालिंदी."

माझ्या हातातली वही मी घट्ट धरली. मला आबांचं बोलणं आठवलं: 'त्या पोरांचंबी.' तेव्हा कानांवर आपटून पडलेले शब्द आता एकेक उठून उभे राहिले.

"मला वाटलं, मी त्यांचं ऐकतोय," गहिनीनाथ म्हणाला. "खरं म्हणजे मला बरंच वाटलं होतं, ऐकायला. रोज सकाळी उठलो की आधी हात बघतो. पाचही असतात. आणि मग दिवसभर तो खिशातून काढवत नाही."

पाटणकर बाईंनी चष्मा काढला होता. लाल पेन बाजूला ठेवून त्यांनी पर्समधून दुसरं पेन काढलं, साधं, निळं. टिळेकर सर मंचाच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. त्यांच्या मागं फळा होता आणि फळ्यावर त्यांच्याच अक्षरातला शेवटचा नियम.

गहिनीवरचा माझा राग गेला नव्हता. तो आजही पुरता गेलेला नाही. नऊ दिवस त्यानं माझ्या बापाला खोटं ठरू दिलं होतं. पण मी दारातून परत आले, पहिल्या बाकावर बसले आणि वहीचं कोरं पान उघडलं. त्याचा एक कोपरा दुमडलेला होता. तो मी अंगठ्यानं सरळ केला.

"सांग," मी म्हणाले.

"लिहून घे. मंचावरून बोलतोय, परत घेणार नाही." त्याचा आवाज आता कुणाचाच नव्हता, त्याचा स्वतःचा होता. "वरच्या अंकाचा कोपरा दुमडलेला दिसला मला. बाकी काही दिसलं नाही. हाक आली होती. वाचनालयात ऐकू गेली असेल, इतकी मोठी आली होती. भिसेमामांनी दांडा ओढला आणि त्यानंतर पात्याखाली हात गेला तो माझा. त्यांनी तो मारून बाहेर काढला."